एका रक्षक नौकेचे उत्तरायुष्य



कल्याणहून भिवंडीकडे निघाले की खाडीच्या पुलापाशी दुर्गाडी दिसते. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि याच खाडीकाठी शिवछत्रपतींनी गलबते बांधायला घेतली, हे या भागातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच दुर्गाडीच्या पायथ्याशी २०२४ च्या आरंभी भारतीय नौदलाची एक निवृत्त नौका येऊन दाखल झाली. ‘टी-८०’ हे तिचे नाव. इस्रायलमध्ये बांधलेली, १९९८ मध्ये नौदलात आलेली ही छोटी वेगवान नौका किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात गस्त घालण्यासाठी होती. २०२१ मध्ये ती सेवामुक्त झाली आणि नियोजित नौदल संग्रहालयासाठी कल्याणला आणली गेली.

अशी नौका पाहायला आलेले मूल पहिला प्रश्न विचारते तो ठरलेला असतो : हिने शत्रूची किती जहाजे बुडवली? प्रश्न स्वाभाविक आहे. रणांगणातील पराक्रम मोजण्याची आपली सवयच तशी आहे. परंतु नौदलाच्या निम्म्याहून अधिक कामाचे मोल या प्रश्नाने कळत नाही. गस्तीच्या नौकेचे यश म्हणजे किनाऱ्यावर जे घडले नाही ते. व्यापारी जहाजांच्या सोबतीला जाणाऱ्या रक्षक नौकेचे यश तर याहूनही अदृश्य. तिने राखलेले जहाज बंदराला लागते, माल उतरतो, खलाशी घरी जातात आणि विषय संपतो. अशाच एका रक्षक नौकेची कथा आज सांगायची आहे. तिच्या नावावर एकही पाणबुडी नोंदलेली नाही. तरीही अरबी समुद्राविषयी आज जे शास्त्रशुद्ध ज्ञान आपल्यापाशी आहे, त्याच्या पायाभरणीत तिचा वाटा फार मोठा आहे.

महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या आपल्या कृष्णेचे नाव तिला दिले होते. इंग्रजांच्या जिभेला कृष्णा वळेना, म्हणून त्यांनी ‘किस्तना’ असे त्याचे रूप करून टाकले होते. तेच नौकेच्या कपाळी आले. स्कॉटलंडमधील क्लाइड नदीकाठच्या यारो कारखान्यात ती बांधली गेली. एप्रिल १९४३ मध्ये ती पाण्यात उतरली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत सामील झाली. ‘ब्लॅक स्वान’ वर्गातील ही स्लूप नौका. लांबी सुमारे तीनशे फूट, वजन सुमारे तेराशे टन, चार इंची सहा तोफा, पाणबुडीचा माग घेणारे ‘ॲस्डिक’ यंत्र आणि पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारे डेप्थ चार्ज. वेग ताशी जेमतेम वीस सागरी मैल. मोठ्या युद्धनौकांपुढे ही अगदीच किरकोळ, पण तिच्या कामाला तेवढे पुरेसे होते, कारण ज्यांची राखण करायची ती मालवाहू जहाजे ताशी आठ-दहा मैलांच्या पुढे जातच नसत.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानच्या नौदलात युद्धनौका होत्या अवघ्या आठ. त्यांवरील खलाशी बहुतांशी रत्नागिरी आणि कोकणपट्टीतले, पिढ्यान्पिढ्या दर्यावर्दी घरांतून आलेले. पुढे भरती वाढली आणि साऱ्या प्रांतांतून तरुण येऊ लागले. युद्ध प्रथम युरोपात आहे असे वाटत होते. एप्रिल १९४२ मध्ये ते आपल्या उंबऱ्यावर आले. जपानी आरमाराने कोलंबो आणि त्रिंकोमालीवर विमानहल्ले केले, विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे बाँब पडले, आणि त्या काही दिवसांत बंगालच्या उपसागरात वीसहून अधिक व्यापारी जहाजे तळाशी गेली. तेल, धान्य, औषधे, सैन्य, सारे समुद्रमार्गे येणारे. तो मार्ग तुटला असता तर देशाची काय गत झाली असती, याची कल्पना करणे अवघड नाही.

म्हणून जहाजांचे तांडे निघू लागले. दहा-पंधरा जहाजे ओळीने, मध्ये तेलवाहू, भोवती दोन-तीन रक्षक नौका. दिवे विझवलेले, रात्रंदिवस पहारा, आणि ॲस्डिकच्या यंत्रापाशी कानाला श्रवणयंत्र लावून बसलेला खलाशी. त्या यंत्रातून पाण्यात ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनी येतो का ते ऐकत राहायचे. तासन् तास, आठवडेच्या आठवडे. अशा कामाचे पोवाडे होत नाहीत.

क्वचित प्रसंग येई आणि मग या छोट्या नौकांचे तेज दिसे. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोस बेटांच्या बाजूला ‘बेंगॉल’ या आपल्या सुरुंग-निवारक नौकेची गाठ दोन जपानी हल्लेखोर जहाजांशी पडली. ती दोन्ही दहा हजार टनांच्या वरची, भारी तोफांनी सज्ज. ‘बेंगॉल’ सातशे टनांच्या आसपासची. सोबतीला ‘ओंदिना’ हे डच तेलवाहू जहाज होते. ‘बेंगॉल’ने त्याला निसटून जाण्याची सूचना केली आणि स्वतः सरळ शत्रूच्या अंगावर गेली. लढाईत ‘होकोकू मारू’ हे जपानी जहाज स्फोट होऊन बुडाले. ‘ओंदिना’चा कप्तान मारला गेला, पण जहाज ऑस्ट्रेलियाला पोहोचले, ‘बेंगॉल’ही वाचली. ही ‘बेंगॉल’ लक्षात ठेवावी, पुढे ती अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटणार आहे.

रक्षक नौका काय करते हे समजून घ्यायला फेब्रुवारी १९४४ मधले लागोपाठचे दोन दिवस पुरेत. ११ तारखेला कोलंबोहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या तांड्यावर विशाखापट्टणजवळ जपानी पाणबुडीने हल्ला केला. तांड्यातील एका जहाजाला टॉर्पेडो लागला. ‘किस्तना’च्याच वर्गातील आपली ‘जमना’ आणि तिच्या सोबतच्या दोन ऑस्ट्रेलियन नौका यांनी ती ‘आरओ-११०’ पाणबुडी शोधून बुडवली. जखमी जहाज तरले. दुसऱ्याच दिवशी मालदीवच्या परिसरात ‘खेदिव इस्माईल’ या सैन्यवाहू जहाजाला दुसऱ्या पाणबुडीने गाठले. रक्षक नौकांनी ती पाणबुडीही बुडवली, पण जहाज अवघ्या काही मिनिटांत गेले होते. बाराशेहून अधिक माणसे मेली. एका दिवशी यंत्राने वेळेत साथ दिली, दुसऱ्या दिवशी दिली नाही. तसे का व्हावे, या प्रश्नाकडे पुढे यायचेच आहे.

‘किस्तना’ने हिंदी महासागरात तांडे राखले आणि युद्धाच्या अखेरच्या पर्वात ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर तोफा चालवल्या, जानेवारी १९४५ मध्ये रामरी बेटावर सैन्य उतरले तेव्हा किनाऱ्यावरील जपानी ठाण्यांवर मारा करणाऱ्यांत ती होती. ही सारी लढाई युनियन जॅकखाली झाली, म्हणून ती आपली नव्हे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हा आक्षेप क्षुल्लक नाही. परंतु ज्या बंदरांकडे ते तांडे येत ती मुंबई, मद्रास, कलकत्ता आपली होती, आणि पहाऱ्यावर जागणारे दर्यावर्दीही आपलेच होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ तळावर जो उठाव पेटला आणि बघता बघता बंदरातील नौकांवर पसरला, तो याच माणसांनी केला. ज्यांनी इंग्रजांच्या नौका चालवल्या त्यांनीच इंग्रजांना सांगितले की आता या चालणार नाहीत.

मग फाळणी आली आणि नौकांचीही वाटणी झाली. या वर्गाच्या सहा स्लूपपैकी ‘किस्तना’, ‘कावेरी’, ‘जमना’ आणि ‘सतलज’ भारताकडे राहिल्या. ‘नर्मदा’ आणि ‘गोदावरी’ पाकिस्तानकडे गेल्या व तिकडे ‘झेलम’ आणि ‘सिंध’ झाल्या. नाशिकच्या गोदेचे नाव पुसून सिंध लिहिले गेले, हा इतिहासाचा एक क्रूर विनोदच म्हणायचा. जुनागडच्या नवाबाने पाकिस्तानात जाण्याचा हट्ट धरला तेव्हा १९४७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काठेवाडच्या किनाऱ्यावर भारतीय सैन्य समुद्रमार्गे उतरले. त्या कारवाईत ‘किस्तना’ होती. स्वतंत्र भारताच्या नौदलाची ही पहिली मोहीम; गोळीबाराची वेळ आली नाही आणि ९ नोव्हेंबरला जुनागडचा कारभार भारताच्या हाती आला.

येथवरचा तिचा इतिहास तिच्या भगिनी-नौकांसारखाच आहे. खरी आगळीक पुढे आहे.

युद्धात रक्षक नौकांना एक विचित्र अनुभव येई. थंड अटलांटिकमध्ये चोख चालणारे ॲस्डिक आपल्याकडच्या उष्ण समुद्रात दगा देई. सकाळी ज्या अंतरावरून पाणबुडी पकडता यावी, त्या अंतरावरून दुपारी काहीच ऐकू येत नसे. यंत्र तेच, माणूस तोच. कारण समुद्राच्या पोटात होते. उन्हाने वरचे पाणी तापते, खालचे थंड राहते. ऊन पाण्यात ध्वनी जलद जातो, थंड पाण्यात सावकाश, त्यामुळे ध्वनीचा किरण सरळ न जाता खाली वाकतो. त्या वळणापलीकडे जणू सावली पडते आणि पाणबुडी त्या सावलीत निर्धास्त लपते. म्हणजे समुद्राचे तापमान कोठे, किती खोलीवर, कोणत्या ऋतूत कसे बदलते हे ठाऊक नसेल, तर रक्षक नौका अर्धी बहिरी. अरबी समुद्राच्या बाबतीत ही माहिती कोणापाशीच पुरेशी नव्हती. हजारो वर्षे ज्या पाण्यावरून आपली गलबते गेली, त्याच्या पोटात काय आहे याची नोंद ठेवण्याची संस्था आपण उभी केली नव्हती.

आरंभ पूर्व किनाऱ्यावर झाला. १९५२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ युजीन लाफाँ वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात आले आणि समुद्रविज्ञानाचे धडे सुरू झाले. जहाज कोठले आणायचे? नौदलाने आपल्या सुरुंग-निवारक नौका दिल्या. त्यांत ‘रोहिलखंड’ होती, आणि होती ती ‘बेंगॉल’. दहा वर्षांपूर्वी जिने दोन बलाढ्य जहाजांना अंगावर घेतले होते, तिच्या डेकवरून आता विद्यार्थी समुद्राचे पाणी बाटल्यांत भरत होते. तिकडे ‘सतलज’ १९५५ मध्ये आणि ‘जमना’ १९५७ मध्ये सर्वेक्षण नौका झाल्या. ऑक्टोबर ते मे किनाऱ्यालगत खोली मोजायची आणि पावसाळ्यात बंदरात बसून नकाशे काढायचे, असे त्यांचे वर्ष चाले. खोली मोजण्याचे तत्त्वही ॲस्डिकचेच : तळाकडे ध्वनी सोडायचा, परत यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. दोन सेकंदांनी परतला तर तळ दीड हजार मीटरवर. पाणबुडीसाठी बसवलेले तंत्र नकाशाच्या कामी आले.

‘किस्तना’च्या वाट्याला याहून मोठे काम आले. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. जगातला सर्वांत कमी अभ्यासलेला महासागर म्हणजे हिंदी महासागर, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे होते, आणि ज्याच्या नावातच आपला देश आहे त्या महासागराबद्दलचे हे मत आपल्याला खाली मान घालायला लावणारे होते. चाळीसच्या आसपास नौका वेगवेगळ्या देशांतून आल्या. भारताच्या कार्यक्रमाचे संचालक डॉ. एन. के. पणिक्कर होते. खोल समुद्रात जाऊन संशोधन करील अशी खास नौका देशापाशी नव्हती. नौदलाने ‘किस्तना’ दिली.

काळ कोणता होता हे ध्यानात घ्यावे. १९६२ ची चीनची लढाई, त्यानंतरची निराशा, पैशाची ओढाताण, आणि संरक्षणाचा बहुतेक निधी भूदलाकडे वळलेला. नौदलाला एकेक नौका मोलाची होती. त्या दिवसांत एक लढाऊ नौका शास्त्रज्ञांच्या हवाली करण्यात फार दूरची दृष्टी होती. त्या वेळी नौदलाचे प्रमुख होते भास्कर सदाशिव सोमण. १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी आरमाराचे नेतृत्व करणारे आणि १९६२ ते १९६६ नौदलप्रमुख राहिलेले हे मराठी दर्यासारंग. त्यांचे नाव आज आपल्या घरांतून जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही, ही खंत येथे बोलून दाखवली पाहिजे.

१९६२ ते १९६५ या वर्षांत ‘किस्तना’ अरबी समुद्रात, बंगालच्या उपसागरात, अंदमानच्या बाजूला फेऱ्या करत राहिली. कोचीच्या नौदल प्रयोगशाळेचे लोक आणि इतर संस्थांतील संशोधक तिच्यावर असत. ठरलेल्या जागी नौका थांबवायची. पोलादी तारेला ओळीने धातूच्या बाटल्या अडकवून खोल सोडायच्या; वरून एक वजन तारेवरून सोडले की एकामागून एक बाटल्या उलटून बंद होत आणि त्या त्या खोलीचे पाणी व तापमान वर येई. मग सूक्ष्म जीव गोळा करणारे जाळे दोनशे मीटर खाली सोडून सरळ वर ओढायचे. मग पुढची जागा. पुन्हा तेच. अरुंद बांध्याची लढाऊ नौका थांबली की फार डोलते. त्या डोलण्यात तापमापकावरील अंशाचा शंभरावा भाग वाचायचा म्हणजे तपश्चर्याच. तांड्याच्या पहाऱ्यावरचा तो खलाशी आणि हा संशोधक यांच्या कामात विलक्षण साम्य आहे. दोघेही पाण्याला तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारत होते.

या साऱ्या नौकांच्या नोंदींमधून पुढे १९७१ मध्ये क्लाउस विर्तकी यांनी हिंदी महासागराचा थोर नकाशासंग्रह सिद्ध केला. मोहिमेचा हवामानविषयक भाग मुंबईतून चालला. कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभे राहिले. त्याच सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी एक प्रश्न मांडला : आपल्या पावसाळ्याचे पाणी येते कोठून? विषुववृत्तापलीकडून, की आपल्याच अरबी समुद्राच्या बाष्पीभवनातून? १९६५ मध्ये त्यांनी कौल दिला अरबी समुद्राच्या बाजूने. १९७३ मध्ये साहा आणि बावडेकर यांनी हिशेब पुन्हा मांडला आणि विषुववृत्तापलीकडचा वाटा मोठा असल्याचे दाखवले. वाद चांगला होता, कारण दोन्ही बाजूंपाशी मोजमापे होती. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापूर-कल्याणच्या घरांत शिरली ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अरबी समुद्रावरील बाष्प हा पुस्तकी विषय वाटणार नाही.

मोहीम संपली, माणसे पांगू नयेत, नोंदी धूळ खात पडू नयेत म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पहिले संचालक डॉ. पणिक्कर. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. येथे एक योग जुळून येतो. डिसेंबर १९६१ मध्ये मुरगावच्या बंदरात पोर्तुगिजांच्या ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या नौकेला निकामी करणाऱ्या आपल्या नौकांत ‘बेतवा’ आणि ‘बिआस’ यांच्या जोडीला ‘कावेरी’ होती, ‘किस्तना’ची सख्खी बहीण. एका बहिणीने दार उघडले. दुसरीने जमवलेल्या ज्ञानाची शाळा पुढे त्याच भूमीवर उभी राहिली. या संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र मुंबईत आहे आणि ठाण्याची खाडी, उल्हासचे मुख येथल्या पाण्याचे परीक्षण त्याच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे केले आहे. डोंबिवलीच्या कारखान्यांचे सांडपाणी खाडीत जाऊन काय करते, याचा पुरावा हवा असेल तर तो अशाच मोजमापांत मिळतो. ज्या खाडीत शिवरायांची गलबते तरंगली, तिच्या पाण्यात आज प्राणवायू किती उरला आहे हे विचारण्याचे धाडस आपण करतो का, हा भाग वेगळा.

‘किस्तना’ नंतर प्रशिक्षण ताफ्यात गेली. ‘कावेरी’ आणि ‘तीर’ यांच्या सोबत ती नवशिक्या तरुणांना समुद्र दाखवत राहिली. तिच्या नावाचे इंग्रजी रूपही कालांतराने सुटले आणि ती ‘कृष्णा’ झाली. १९८१ मध्ये ती मोडीत निघाली. तोवर समुद्रविज्ञान संस्थेला १९७६ मध्ये ‘गवेषणी’ मिळाली होती. १९८३ मध्ये ‘सागर कन्या’ आली. उसनवारीचे दिवस संपले.

दुर्गाडीच्या संग्रहालयात ‘टी-८०’ मुलांना दिसेल, आणि ती दिसायलाच हवी. तिच्या शेजारी एक उलटणारी बाटली, एक जाळे आणि ‘किस्तना’च्या एखाद्या फेरीचा नकाशा ठेवायला फार पैसे लागणार नाहीत, कल्याण-डोंबिवलीत माझगाव गोदीत आणि नौदल गोदीत हयात घालवलेली कितीतरी कुटुंबे आहेत, त्यांनी मनावर घेतले तर हे सहज होईल. त्या मोहिमेत साऱ्या नौकांनी गोळा केलेल्या सूक्ष्म जीवांचे दीड हजारांहून अधिक नमुने कोचीच्या केंद्रात छानले गेले. देशोदेशीचे अभ्यासक त्यांसाठी तेथे येत राहिले.

आणि २०१९ मध्ये नौदलाची ‘सागरध्वनी’ ही संशोधन नौका कोचीहून निघाली. पाण्यातील ध्वनीचा अभ्यास हेच तिचे काम. ‘सागर मैत्री’ या मोहिमेसाठी तिला जो मार्ग आखून दिला होता, तो १९६२ ते १९६५ मध्ये ‘किस्तना’ ज्या मार्गांनी गेली तोच होता.